साळवे मॅडम आणि बोराडे साहेबांची तूर

मोबाइलवर 'बॅकअप पूर्ण झाला' अशी ओळ उमटली, की मी आजही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. लगेच एखादा जुना फोटो उघडून बघतो. मुलगी हसते. म्हणते, "बाबा, फोन खोटं कशाला बोलेल?" फोन खोटं बोलत नाही हे मलाही माहीत आहे. पण साळवे मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवर काही वर्षं काढलेल्या माणसाचा स्वभाव असाच होतो, त्याला माझा इलाज नाही.

जालन्यात तेव्हा बियाण्यांच्या कंपन्यांचे दिवस होते. आमची कंपनी फार मोठी नव्हती, पण गोदाम, प्रयोगशाळा, मंठ्याला शाखा आणि शहराबाहेर संशोधनाचं शेत एवढा पसारा होता. या सगळ्यांचे कंप्युटर आम्ही दोघं सांभाळायचो. मॅडम प्रमुख, आणि उरलेलं डिपार्टमेंट म्हणजे मी. मी मूळचा अकाउंटचा माणूस. टायपिंगचा वेग बरा आणि हिशेबात लक्ष कमी, म्हणून मला तिकडे ढकललं होतं. मॅडम मात्र औरंगाबादला रीतसर शिकून आल्या होत्या, आणि कंपनीचे कंप्युटर चालवायला लिनक्स त्यांनीच आणलं होतं. फुकट मिळतं एवढ्याच कारणासाठी मालकांनी त्याला मान डोलावली होती. त्याची राखण किती करावी लागते ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम चाळिशीच्या आसपासच्या. किरकोळ बांधा, फिक्या रंगाची सुती साडी, आणि ऊन असो नसो हातात काळी छत्री. मस्तगडमधल्या घरातून ऑफिसात पायी यायच्या. घरी त्या आणि त्यांची आई, बाकी कुणी नाही. आवाज इतका हळू, की फोनवर पलीकडचा माणूस हमखास "हॅलो, हॅलो" करायचा. त्यांची एक सवय मला फार गमतीची वाटायची. कंप्युटरला काही हुकूम दिला, की त्या दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायच्या आणि उत्तर येईपर्यंत तशाच बसायच्या. बॅकअपची, म्हणजे माहितीच्या दुसऱ्या प्रतीची, टेप फिरत असताना चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तुम्ही चहा प्यायल्यानं टेप थांबणार आहे का? तर म्हणाल्या, "थांबणार न्हाई हो. पण ती काम करून राह्यली, अन् मी चहा पिऊ?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. आडव्या रांगेत लिनक्सच्या आवृत्त्या, उभ्या रांगेत बॅकअपच्या सॉफ्टवेअरच्या, आणि प्रत्येक चौकटीत एकेक टिकली. बायका कपाळाला लावतात तीच, बाजारातल्या पाकिटातली. लाल टिकली म्हणजे या आवृत्तीवर त्या आवृत्तीची टेप वाचता येते. काळी म्हणजे येत नाही. रिकामी चौकट म्हणजे अजून करून पाहिलेलं नाही, आणि रिकाम्या चौकटीवर त्यांचा काळीपेक्षाही जास्त राग होता.

हे एवढं सगळं कशासाठी, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण लिनक्सचं तेव्हा असं होतं, की वर्ष सरायच्या आत त्याची नवी आवृत्ती निघायची. मासिकाबरोबर सीडी यायची आणि आमच्या मालकांना कुठून तरी वास लागायचा, की नवीन आलंय, तेही फुकट. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बॅकअपचं सॉफ्टवेअरही नवं येई. जुनं त्या नव्या आवृत्तीवर चढायचंच नाही, आणि नवं हे जुन्यानं लिहिलेल्या टेपा वाचेलच असा भरवसा नसायचा. त्यात आमचा मुख्य सर्व्हर नवा, मंठ्याची शाखा त्याच्या मागच्या आवृत्तीवर, आणि शेतावरचा कंप्युटर इतका जुना की त्याच्या गळी नवीन काही उतरायचंच नाही. तिघांना एकमेकांचं कळलं पाहिजे, हे मॅडमचं काम. मला समजावताना त्या म्हणायच्या, "सर्व्हर नवा अन् शाखा जुनी, चालतं. शाखा नवी अन् सर्व्हर जुना, बिलकुल चालत न्हाई. घरात धाकट्याला थोरल्याचे कपडे घालता येतात, थोरल्याला धाकट्याचे येत न्हाईत. एवढं ध्यानात ठेवा, बाकी मी बघते."

तरी धाकट्यालाही सगळ्या थोरल्यांचे कपडे होत नसत. म्हणून त्यांनी एक जुना कंप्युटर जपून ठेवला होता. जिन्याखालच्या कोपऱ्यात, त्यांच्या एका जुन्या साडीचं कापड पांघरून. ऑफिसात सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. म्हातारीवर लिनक्सची फार जुनी आवृत्ती होती, बॅकअपचं सॉफ्टवेअर त्याच वेळचं, आणि तिचा टेपयंत्राचा खणही त्याच जमान्यातला. तिला दुसरं काही यायचं नाही. पण जी टेप कुणालाच वाचता येत नसे ती म्हातारी वाचायची. टेबलाखालच्या खोक्यात तिच्या टेपा असायच्या. लाइट जायच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्याआधी मॅडम स्वतः जाऊन तिला बंद करून येत.

बॅकअप घेतला म्हणजे काम संपलं, असं मॅडमना कधीच वाटलं नाही. "घेतलं ते दाखवू नका. परत आणून दाखवा," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की घरी बायकोलाही म्हणून बसलो होतो. महिन्यातून एकदा त्या कुणाच्या तरी टेबलापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, मागच्या वर्षीची कुठलीही एक फाइल सांगा. माणूस नाव सांगायचा, मॅडम टेपेवरून ती फाइल आणायच्या आणि त्याच्यासमोर उघडून दाखवायच्या. एकदा खरेदी विभागाच्या साहेबांनी घाईत कुठलं तरी नाव सांगितलं. मॅडमनी फाइल आणली, उघडली, तर तो त्या साहेबांचा दुसऱ्या बियाणे कंपनीत नोकरीसाठीचा अर्ज निघाला. मी मागून वाचत होतो. मॅडमनी पडदा हळूच त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "बराबर आली, साहेब."

साहेब लालबुंद. "पुसून टाका," म्हणाले.

"इथली पुसते. टेपंवरची पुसत न्हाई. पण तिथं कोण बघायला जातंय."

पुढे वर्षभर ते साहेब मॅडमना आधी नमस्कार करायचे. मला मात्र त्यांनी ओळख दाखवायचं बंद केलं.

संशोधनाच्या शेताचे प्रमुख बोराडे साहेब. कुंभार पिंपळगावच्या शेतकरी घरातले, मोठं शिक्षण घेतलेले, पण चाल अजून वावरातलीच. कंपनीत फरशीवर चालतानाही पाय उचलून टाकायचे. त्यांच्या जिवाचा तुकडा म्हणजे एक तूर. फार वर्षांपूर्वी गावी त्यांच्या घरच्या शेतात मर रोग पडला, तुरीचं उभं पीक वाळून गेलं, आणि त्यात एकच झाड हिरवंगार राहिलं. साहेबांनी त्या झाडाचं बी धरलं. मग दरवर्षी ते पेरत गेले, निवडत गेले. नोंदींमध्ये त्या वाणाचा नंबर सतरा होता, म्हणून सगळे त्याला सतरा नंबर म्हणत. एखादा वाण बाजारात आणायचा तर नुसता चांगला असून भागत नाही. लागोपाठच्या वर्षांचे, वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे मांडावे लागतात. निवृत्त होण्याआधी सतरा नंबर शेतकऱ्यांच्या हाती द्यायचा, एवढी एकच गोष्ट साहेबांना करायची होती, आणि ती ते कुणालाही सांगत. शिपायालासुद्धा.

त्यांचे सगळे आकडे वह्यांत असत. कंप्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बाई, माझ्या वहीला लाइट लागत न्हाई," असं म्हणायचे. मॅडमना सगळं ऑफिस मॅडम म्हणे, ते एकटे बाई म्हणत. मॅडम त्यांच्यामागे हात धुऊन लागल्या. शेतावर जायच्या, वह्यांना वाळवी कशी लागली ते दाखवायच्या, गोदामाचं छप्पर गळतं ते दाखवायच्या. शेवटी दोन उन्हाळे बसून साहेबांच्या माणसांनी सगळ्या वह्या कंप्युटरात घातल्या. त्या दिवशी साहेब चहाला आमच्या खोलीत आले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "साहेब, आता वह्या गेल्या तरी काळजी करू नका. मी हाय ना." इतका ठाम शब्द द्यायची त्यांची रीत नव्हती, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

त्याच वर्षी सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायचं ठरलं. मॅडमनी मोठं काम काढलं. म्हातारीकडच्या सगळ्या जुन्या टेपा एकेक करून उतरवायच्या आणि नव्या सॉफ्टवेअरनं नव्या टेपांवर घ्यायच्या, म्हणजे पुढे म्हातारीवर अवलंबून राहायला नको. आठवड्यांमागून आठवडे हे चाललं होतं. प्रत्येक टेप झाली की तिच्यातली एक फाइल उघडून बघायची, मगच तक्त्यावर लाल टिकली. शेवटी शेतावरच्या टेपा तेवढ्या उरल्या आणि दसरा आला.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, हे मॅडमच्या घरात दरवर्षी ठरायचं आणि आईच्या गुडघ्यांपायी राहून जायचं. या खेपेला गल्लीतून जीप निघणार होती आणि मॅडमनी आईला शब्द दिला होता. इकडे ऑफिसात खंडेनवमीची झाडलोट चालू होती. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं पुसून त्यांना झेंडूचे हार घालत, कंप्युटरला कुंकू लावत, आणि त्याआधी वर्षभराचं भंगार काढून देत. शेतावरच्या गोदामातही तीच साफसफाई होती. आदल्याच दिवशी बोराडे साहेबांचा फोन आला होता, "बाई, वह्यांचा पार लगदा झाला हो. काढू का?" आणि मॅडमनी काढा म्हटलं होतं.

दुपारची वेळ. मॅडमच्या पडद्यावर शेतावरच्या फाइलींची यादी वर सरकत होती. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकार बरोबर. खाली गेटवर जीप येऊन उभी राहिली होती, आत त्यांची आई बसलेली. जीपवाला एकसारखा हॉर्न वाजवत होता. स्टोअरचे पवार दारात उभे होते. यादी संपली. मॅडमनी हात मांडीवर घेतले, यादीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "झालं."

"मंग म्हातारी भंगारात उचलू का, मॅडम?" पवारांनी विचारलं. "जिन्याखाली पूजा मांडायची हाय."

"उचला. खालचा खोकापण न्या."

छत्री घेऊन त्या गेल्या. एक फाइल उघडून बघायची तेवढी राहिली.

संक्रांत झाल्यावर शेतावर व्होल्टेजचा घोळ झाला आणि तिथल्या कंप्युटरची डिस्क जळाली. बोराडे साहेब स्वतः निरोप घेऊन आले. जराही घाबरलेले नव्हते. आमच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "बाई हायत, मला काय घोर." मॅडमनी टेप लावली. फाइली येऊ लागल्या. सगळी नावं आली. पहिली उघडली, आत नुसत्या खुणा आणि चौकोन. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. शेतावरचा कंप्युटर इतका जुना होता, की त्याचं बॅकअपचं सॉफ्टवेअर माहिती आपल्याच जुन्या पद्धतीनं दाबून बांधायचं. नव्या सॉफ्टवेअरनं गाठोड्यावरची चिठ्ठी वाचली, वजन लिहून घेतलं, पण त्याला ती गाठ सुटली नव्हती. आणि सुटली नाही असं ते बोललंही नाही. ती गाठ सोडू शकणारी एकटी म्हातारी होती.

आम्ही दोघं भंगारवाल्याकडे गेलो. जालन्यात भंगाराला ताटकळावं लागत नाही. गावात सळईचे कारखाने आहेत, त्यांच्या भट्ट्या सदा भुकेल्या. भंगारवाला भला माणूस होता. त्यानं आम्हाला बसायला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, दसऱ्याचा माल दिवाळीच्या आत सळई होऊन गेला. आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आसंल."

"अन् टेपा?"

"प्लॅस्टिकचं आम्ही काय ठेवून घेतो होय. पेटवून दिलं."

मॅडमनी कुठल्या कारखान्यात माल दिला तेही विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नको अशी मान हलवली, आणि आम्ही निघालो.

मालकांनी बैठक घेतली. मी सगळं लिहून घ्यायला होतो. मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, माझी चूक आहे, मी उघडून बघितलं नाही. पवार सहज म्हणून गेले, "मॅडमना नागपूरची घाई होती ना त्या दिवशी." बोराडे साहेब इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. ते वळले आणि म्हणाले, "पवार, घाई सगळ्यालाच आसती. बी माझ्याजवळ हाय. परत पेरू." बस, एवढंच. मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, बैठक उठली.

मॅडमना ते सहन झालं नाही. खोलीत आल्यावर म्हणाल्या, "एकदा शिवी तरी द्यायची होती त्यांनी." मी आपलं समजुतीचं बोलायला लागलो, की सॉफ्टवेअरचा दोष, आपण काय करणार, आईला नेणं काही चूक नव्हतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "आईला नेलं त्याचं मला काही वाटत न्हाई, भाऊ. परत न्यावं लागलं तर परत नेईन. पण एक फाइल उघडायला कितीक वेळ लागतो? जीपवाला थांबला असता. अन् वह्यापण मीच काढायला लावल्या."

या प्रकरणात माझ्याकडे काहीच दोष नव्हता. कुणी दिलाही नाही. पण निर्दोष माणसानं अपराधी माणसाच्या शेजारी दिवसभर बसणं हीही काही सोपी नोकरी नसते. मी विनोद करायचो, तो हवेत राहायचा.

मॅडमची रीत बदलली. 'झालं' हा शब्द त्यांनी बोलण्यातून काढून टाकला. काम झालं का विचारलं तर "बघून सांगते" म्हणायच्या, जेवण झालं का विचारलं तर "जेवले" म्हणायच्या. पुढची आवृत्ती आली तेव्हा त्यांनी टेपेतली एक फाइल नाही, सगळ्या फाइली उघडून बघितल्या. महिने गेले. मालक कुरकुरले, दुसऱ्या कंपन्या कुठल्या कुठे गेल्या म्हणाले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि काम तसंच चालू ठेवलं. तक्त्यावर शेताच्या चौकटीत त्यांनी लाल टिकली आधीच लावून टाकली होती. ती काढली आणि काळी लावली. पुढे तो कंप्युटर गेला, ती आवृत्ती गेली, तक्ता नवा झाला, तरी ती काळी चौकट मॅडम नव्या तक्त्यावर उतरवून घेत.

आणि दर रविवारी त्या शेतावर जायला लागल्या. चाचणी परत सुरुवातीपासून, निदान तीन हंगाम. साहेबांकडे माणसं कमी होती. मॅडम छत्री घेऊन सऱ्यांतून फिरायच्या, किती झाडं उगवली, किती मेली, फुलं कधी लागली, एका झाडाला शेंगा किती, सगळं मोजायच्या. मी एकदा त्यांना सोडायला गेलो तेव्हा त्या वाकून शेंगा मोजत होत्या आणि साहेब बांधावर बसून आकडे लिहून घेत होते. "बाई, एवढं वाकू नका, कंबर धरंल," साहेब म्हणाले. "धरू द्या," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे गेल्या.

पहिला हंगाम छान गेला. सतरा नंबर ताठ उभा राहिला. दुसऱ्या वर्षी पोळ्यानंतर पाऊसच पडला नाही. मर रोग यायच्या आधीच सगळं रान करपलं, चांगलं वाईट एका रांगेत. त्या आकड्यांना अर्थ नव्हता. तिसऱ्या वर्षी बोराडे साहेब निवृत्त झाले. नव्या प्रमुखांना कपाशीत रस होता आणि मालकांनाही. सतरा नंबर यादीतून काढून टाकला. निरोपसमारंभाला मॅडम आल्या नाहीत, सर्व्हरच्या खोलीत बसून राहिल्या. साहेब हार गळ्यात तसाच ठेवून तिकडे गेले. मी दारात होतो. ते म्हणाले, "पिंपळगावला येत जावा, बाई. आमच्या मंडळीनं सांगितलंय." मॅडमनी नुसती मान हलवली. साहेब तेव्हाही तुरीचं काही बोलले नाहीत.

मॅडम जायला लागल्या. माझ्याकडे मोटारसायकल होती, म्हणून मीही. चार-सहा महिन्यांनी एखादा रविवार. साहेबांच्या पत्नी, त्यांना आम्ही काकू म्हणत असू, भाकरी-पिठलं करायच्या. साहेब पाऊसपाणी बोलायचे, गावातली भांडणं सांगायचे. घरच्या शेतात चार ओळी सतरा नंबरच्या असायच्या. पण त्याचं नाव निघालं नाही. मॅडम येताना जेवढ्या गप्प, जाताना तेवढ्याच गप्प. मग काही वर्षांनी साहेबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग आपण निवृत्त झालो आहोत हेच ते विसरले.

अशाच एका रविवारी त्यांनी मॅडमना बघितलं आणि एकदम विचारलं, "बाई, माझ्या तुरीचा डाटा काढला का? औंदा पाठवायचाय."

मी घाईघाईनं म्हणालो, "येतोय, साहेब." काकूही म्हणाल्या, "यील की आता, जेवा तुम्ही."

मॅडमनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "न्हाई, साहेब. तो गेला. माझ्या हातून गेला. मी उघडून बघितलं न्हाई."

साहेब बघतच राहिले. मग भडकले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गेला म्हंजे? माझी सारी उमर हाय त्याच्यात. तुम्ही म्हणल्या होत्या ना, मी हाय म्हणून? मंग? काहून बोलल्या तसं? वह्या टाकून दिल्या मी तुमच्या बोलण्यावर." काकू मध्ये पडल्या, त्यांना आत न्यायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना, काकू." मान खाली घालून त्या शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिल्या. जरा वेळानं साहेब शांत झाले, सगळं विसरले आणि आम्हाला पाणी विचारलं.

येताना मी रागावलो. म्हातारं माणूस, आजारी, येतोय म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मॅडम मागून म्हणाल्या, "त्यांची तूर हाय, भाऊ. त्यांना खरं सांगायला नको का?" आणि मग बऱ्याच वेळानं, गाडीच्या आवाजात मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, "आज बोलले ते."

त्यानंतर दर खेपेला हेच. साहेब विचारायचे, मॅडम सांगायच्या, साहेब दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचे आणि वाट्टेल ते बोलायचे. मी ओट्यावर जाऊन बसायला लागलो. मॅडम मात्र आता जास्त वेळा जायला लागल्या. मी नसलो तर एसटीनं जात.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं तेही साहेबांच्या ओसरीवर. मी जालना सोडून दुसरीकडे नोकरी धरली होती, निघण्याआधी साहेबांना भेटून यावं म्हणून मॅडमबरोबर गेलो. थंडीचे दिवस, तुरीला शेंगा धरलेल्या. काकूंनी मीठ घालून शेंगा उकडल्या होत्या. साहेब ओसरीवर बसून एकेक शेंग सोलून खात होते, अगदी समाधानी. मॅडम त्यांच्यासमोर बसल्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, हसले, आणि शेंग सोलायला लागले. मॅडमनी वाट बघितली. काकूंनी चहा आणला, तो पिऊन झाला. उन्हं ओसरीच्या पायरीवर उतरली, निघायची वेळ होत आली. साहेबांनी काहीच विचारलं नाही.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "साहेब, तुमच्या तुरीचा डाटा गेला. माझ्या हातून गेला."

साहेबांचा हात थांबला. त्यांनी मॅडमकडे बघितलं, कुणी पाहुणी बाई काही विचारते आहे आणि आपल्याला समजत नाही, अशा नजरेनं.

"कोणची तूर?" ते म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. साहेबांनी उकडलेल्या शेंगांचं ताट त्यांच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "खा की. गोड हायत." मॅडमनी एक शेंग घेतली, सोलली, आणि दाणे हातात धरून बसून राहिल्या.